पाणी कुणाच्या घरात शिरणार, हे मे महिन्यातच ठरलेलं असतं

२०१९ च्या ऑगस्टमधला तो आठवडा आमच्या बेळगावातल्या वडगावात कुणी विसरलेलं नाही. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि माझ्या दिराच्या मागाच्या खोलीत पाणी आलं ते दारातून नाही, मोरीतून आलं, उलटं. म्हणजे जे पाणी बाहेर जायला पाहिजे तेच आत यायला लागलं. आधी फरशी नुसती ओलसर, मग घोट्याएवढं, मग मागाची मोटर जिथं बसवलेली असते तिथपर्यंत, आणि ती काही उंचावर नसते, जमिनीपासून हातभर असेल नसेल. मेन स्विच आधीच पाडला होता म्हणून निभावलं. आम्ही चौघं मिळून सुताचे बॉक्स माळ्यावर फेकत होतो, पण मागाच्या बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, चढवलेला ताणा (उभे धागे) सोडवायला वेळच मिळाला नाही. तो भिजला, चिकटला, शेवटी कापून टाकावा लागला, आणि एक बीम म्हणजे त्या घराची कितीतरी दिवसांची मजुरी असते.

त्याच वेळी दोन गल्ल्या सोडून जरा चढावर जी घरं आहेत तिथं दुकानं उघडी होती, पोरं शाळेला सुट्टी म्हणून खेळत होती. पाऊस तोच, आभाळ तेच. मग आमच्याकडं आपत्ती आणि तिकडं नुसता पाऊस, असं का? मी घरांचे नकाशे काढायचं काम करते, साईट बघायला रोज कुठल्या ना कुठल्या नव्या ले-आऊटमध्ये जाते, आणि या प्रश्नावर गेली काही वर्षं सारखा विचार करते, म्हणून जे मला समजलंय ते सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आपण पूर, भूकंप, वादळ यांनाच आपत्ती म्हणतो, पण या विषयात काम करणारे लोक तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात पूर हे संकट आहे, आपत्ती नंतर होते, आणि ती होईल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे संकट स्वतः, किती पाऊस, किती हादरा, किती ऊन. दुसरी म्हणजे त्या संकटाच्या वाटेत कोण आणि काय आहे, घरं, माणसं, माग, म्हशी, शाळा. तिसरी म्हणजे जे वाटेत आहे ते किती तग धरणारं आहे, भिंत मातीची का काँक्रीटची, घरात चालता न येणारं कुणी आहे का, हातात चार पैसे आहेत का, निरोप वेळेवर पोचतो का. या तिघांचा गुणाकार म्हणजे धोका. बेरीज नाही, गुणाकार, हे महत्त्वाचं, कारण गुणाकारात कुठलाही एक आकडा कमी केला की सगळं उत्तर खाली येतं. पाऊस आपल्या हातात नाही, मान्य. बाकीचे दोन आकडे मात्र पूर्ण माणसाच्या हातात आहेत आणि शहर वाढताना आपण तेच दोन वाढवत चाललोय.

ओडिशाचं उदाहरण मला फार पटतं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं जवळजवळ १०,००० माणसं गेली. २०१३ मध्ये फायलीन नावाचं तसंच जबरदस्त वादळ आलं, पण त्याआधी सुमारे १० लाख लोकांना किनाऱ्यावरून हलवलं होतं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. वादळ काही मऊ झालं नव्हतं. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, गावागावात पोरांना तयार केलं, कुणी कुणाला उचलून न्यायचं ते ठरलं. उलटं उदाहरण आपल्या जवळचं, किल्लारीचं, ३० सप्टेंबर १९९३. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर जड माळवदं होती, पहाटे लोक झोपेत होते आणि हजारो माणसं स्वतःच्याच घराखाली गेली. भूकंपानं जमीन हलवली, माणसं मेली ती घरांमुळं.

शिवार गेलं तसं पाण्याचं घर गेलं

आता बेळगाव शहराचं बघू. जुन्या लोकांना आठवत असेल, शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या बाजूला नुसतं भाताचं शिवार होतं, बरंचसं अजून आहे पण कडेकडेनं आत आत सरकत चाललंय. भाताचं शेत म्हणजे काय तर बांध घातलेलं उथळ तळंच. एका एकरात अर्धा फूट पाणी उभं राहिलं तर ते साधारण ६ लाख लिटर होतं. एका एकरात! आणि ते पाणी तिथं उभं राहतं, हळूहळू मुरतं, हळूहळू नाल्याला जातं. कुणी त्याचे पैसे मागत नाही. शंभर एकर शिवार म्हणजे ६ कोटी लिटरची टाकी, फुकटची.

तिथंच आता ले-आऊट पडतो. ३० बाय ४० फुटांची एक साईट, म्हणजे प्लॉट, धरा, १,२०० स्क्वेअर फूट. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडं जुलैमध्ये काही नवलाचा नाही, तर त्या एका साईटवर साडेपाच हजार लिटर पाणी पडतं. हिशोब सोपा आहे, एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर होतो. पूर्वी त्यातलं बरंच जमिनीत जायचं, आता स्लॅब, वर पेव्हर ब्लॉक, बाहेर काँक्रीट रस्ता, त्यामुळं जवळजवळ सगळंच गटारात येतं, आणि तेही लगेच. पाचशे साईटचा ले-आऊट असेल तर नुसत्या साईटवरचंच २७-२८ लाख लिटर, रस्ते वेगळे. हे सगळं एका तासात ज्या गटारानं न्यायचं ते गटार बऱ्याचदा दोन फूट रुंद, त्यात निम्मा गाळ आणि वर कुणीतरी गाडी लावायला फरशी टाकून पक्की करून घेतलेली.

आणि हे पाणी जातं कुठं? आमच्या बाजूचं बहुतेक बळ्ळारी नाल्यात. हा नाला दरवर्षी पेपरात येतो, कधी जलपर्णी, कधी गाळ, कधी अतिक्रमण, आणि दरवर्षी शहापूर-वडगाव शिवारातलं भातपीक पाण्याखाली जातं, शेतकरी बिचारे दुबार लावणी करतात. नाला ही शहराची नस आहे आणि ती तुंबली की पाणी उलटं फिरतं. दिराच्या खोलीत मोरीतून पाणी आलं ते याच कारणानं. नाला वरपर्यंत भरला, गटाराला बाहेर पडायला जागा नाही, मग पाइपमधून पाणी जिथं सगळ्यात सखल मोरी असेल तिथं वर आलं. म्हणजे पुराचं पाणी रस्त्यावरून यायच्या आधी घरातून येतं.

माझ्या कामात मी हे स्वतः बघितलंय. एका नव्या ले-आऊटच्या नकाशावर मला एक बारीक ओढा दाखवलेला होता, जुन्या उताऱ्यावर तर स्पष्टच, आणि जागेवर गेले तर तिथं मुरूम टाकून सपाट केलेलं आणि प्लॉटचे दगड रोवलेले. विचारलं तर म्हणाले, मॅडम उन्हाळ्यात त्यात थेंब पण नसतो. अहो, ओढा बघायचा तो पावसाळ्यात! ते प्लॉट विकले गेले. घेणारे कोण, तर आयुष्यभराची बचत घालून पहिल्यांदा घर बांधणारे लोक, ज्यांना स्वस्तात साईट मिळाली याचा आनंद होता. ती जागा स्वस्त का होती ते त्यांना पहिल्या मोठ्या पावसात कळणार. गरिबाच्या वाट्याला धोक्याची जागा येते, त्याचं कारण हेच, चांगली जागा महाग असते.

शहर वाढू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. १९९८ मध्ये इथं तंत्रज्ञान विद्यापीठ आलं, २०१२ मध्ये हलग्याजवळ सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, झालं, २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव लागलं, बाहेरून लोक आले, कामं आली, माझं स्वतःचं पोट या वाढीवरच चालतं. पण वाढताना पाण्याला त्याची वाट आणि थांबायला थोडी जागा ठेवली पाहिजे, एवढंच. आपल्या जुन्या लोकांना हे समजत होतं. शहरभर विहिरी, किल्ल्याजवळचा तलाव, गल्लीच्या उतारावर गटारं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणली, गांधीजी अध्यक्ष होते त्या अधिवेशनाचे, आणि शंभर वर्षं झाली तरी ती आहे.

इथं ऊन, तरी गावात पूर

शहराचा पूर आपल्या डोक्यावरच्या पावसाचा असतो. नदीकाठचा पूर वेगळा. आपल्या जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी, रायबाग या तालुक्यांत नदीला पाणी येतं ते वरून, घाटातून. पाऊस पडतो महाबळेश्वर, कोयनानगर, राधानगरीकडं, आणि पूर येतो मांजरी, इंगळी, यडूरला. माझी आत्या मांजरीत राहते. २०१९ मध्ये गावात ऊन पडलेलं असताना पाणी चढत होतं, आणि ऊन पडलंय म्हणजे आता उतरेल असं समजून कितीतरी लोक थांबून राहिले. हा गैरसमज जीवघेणा आहे.

पेपरात आकडे येतात ते जरा समजून घेतले तर उपयोग होतो. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. नदीतून १ लाख क्युसेकनं एक दिवस पाणी वाहिलं तर साडेआठ टीएमसीच्या वर जातं. कोयना धरण १०५ टीएमसीचं, आपलं हिडकल ५१ चं, अलमट्टी १२३ चं. २०१९ मध्ये अलमट्टीतून ५ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं होतं, त्यावरून अंदाज करा की नदीला किती पाणी होतं. धरणात पाणी अडवून पूर कमी करता येतो, पण त्यासाठी धरणात जागा पाहिजे, आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच धरण काठोकाठ असेल तर वरून आलेलं सगळं जसंच्या तसं खाली सोडावं लागतं. जागा रिकामी ठेवावी तर पुढं पाऊस पडला नाही की उन्हाळ्यात बोंब. २०१९ चीच गोष्ट, त्या मे महिन्यात कृष्णा इकडं कोरडी पडली होती, कोयनेचं पाणी सोडा म्हणून कर्नाटक महाराष्ट्राला विनंती करत होता, आणि तीन महिन्यांत तीच नदी घराच्या कौलांना लागली. त्यामुळं धरण चालवणं हे सोपं काम नाही, आणि दोन राज्यांतल्या माणसांनी एकमेकांना तासातासाला आकडे कळवणं याला पर्याय नाही. नदीला सीमा माहीत नाही. वाद काय असतील ते बसून सोडवा, पण पावसाळ्यात फोन चालू राहिला पाहिजे.

आमच्या भागातल्या लोकांकडं त्यांची स्वतःची मोजपट्टी असते आणि ती मला फार मोलाची वाटते. आत्या जुलै लागला की फोन करून विचारते, "वाडीला दक्षिणद्वार झालं काय गं?" नरसोबावाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी देवळात उत्तर दारातून शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं तो सोहळा. लोक स्नानाला जातात, पुण्य समजतात, पण खाली राहणाऱ्या आमच्या लोकांना तो इशारा पण असतो की आता राजापूरच्या बंधाऱ्यावरून मोठं पाणी इकडं येणार. तसंच कल्लोळ-यडूर बंधारा बुडाला, जत्राट-भिवशी बुडाला, मलिकवाड-दत्तवाड बुडाला, ही ओळीनं येणारी बातमी म्हणजे नदीची पायरी पायरी वर येणारी चाहूल. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं की पुणे-बेंगळुरूची वाहतूक थांबते, २०१९ मध्ये झालं, २०२१ मध्ये परत झालं. हे जे गावकऱ्यांना तोंडपाठ आहे ते सरकारी नकाशात उतरवलं पाहिजे, आणि नकाशातलं गावकऱ्यांना समजेल असं सांगितलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी.

इशारा देणं म्हणजे नुसता मेसेज पाठवणं नाही. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाइल एकदम मोठ्यानं वाजले होते आठवतं? ती चाचणी होती, टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी इशारा पाठवायची. फार चांगली सोय आहे. कर्नाटकात तर नैसर्गिक आपत्तींवर लक्ष ठेवणारं राज्याचं केंद्र १९८८ पासून काम करतंय, सुरुवात दुष्काळासाठी झाली होती. पण माझ्या आत्याला कन्नड बोलता येतं, बाजारात घासाघीस करण्याइतकं छान येतं, वाचता येत नाही. तिचा फोन बटणांचा. तिला इशारा पोचतो तो शेजारच्या पोरानं ओरडून सांगितल्यावरच. तर शेवटच्या माणसाला कळेल अशा भाषेत, कळेल अशा तोंडून आणि काय करायचं ते सांगून, असा निरोप गेला तरच तो इशारा. "पाणीपातळी वाढण्याची शक्यता" याचा आत्यानं काय अर्थ घ्यायचा? "रात्री बारापर्यंत मारुतीच्या देवळाच्या पायरीला पाणी लागेल, जनावरं घेऊन आत्ताच शाळेत या" हे तिला समजतं.

आणि जनावरं हा शब्द मुद्दाम घातलाय. २०१९ मध्ये आत्या हलायला तयारच नव्हती. "पाणी चढूलालंय" म्हणून तीच सांगत होती पण दारात दोन म्हशी, एक गाभण, त्यांना सोडून ती जाणार कशी? बोट आली ती माणसांसाठी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लोक हट्टी आहेत, ऐकत नाहीत. अहो, त्या म्हशी म्हणजे तिची पेन्शन आहे. जिथं चाऱ्याची आणि जनावरं बांधायची सोय आधी सांगितली जाते तिथं लोक वेळेवर निघतात. शेवटपर्यंत थांबून मग घाईत एकाच बोटीत कोंबून जायची वेळ आली की काय होतं ते आपण त्याच महिन्यात ब्रह्मनाळला बघितलं, पलीकडं सांगली जिल्ह्यात, बोट उलटली आणि बायका-मुलं गेली. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. इकडच्या पूरग्रस्तांच्या छावणीला पूर्वी गंजी केंद्र म्हणायचे, आता काळजी केंद्र म्हणतात, शब्द आपलाच आहे. त्या काळजीत म्हशीची काळजी पण आली पाहिजे, बायकांसाठी वेगळं संडास-बाथरूम आलं पाहिजे, बीपी-शुगरच्या गोळ्या आल्या पाहिजेत.

दुबळं कोण, हे नुसत्या गरिबीवर ठरत नाही

पूर उतरल्यावर आत्याच्या घराची मागची भिंत पडली. तेव्हा घरांच्या ए, बी, सी अशा कॅटेगरी केल्या होत्या, पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झालेले, तातडीची मदत म्हणून कुटुंबाला १०,००० पण मिळाले. पण घराचा उतारा अजून तिच्या सासऱ्याच्या नावावर, वारसा नोंद झालेलीच नाही, आणि होते ते कागद पाण्यात भिजून लगदा. किती चकरा मारल्या त्याचा हिशोब नाही. शेजारी भाड्यानं राहणारं कुटुंब होतं, त्यांची भांडी, धान्य, शिलाई मशीन सगळं गेलं, पण घर त्यांचं नाही म्हणून घराचे पैसे त्यांना नाहीत. म्हणजे पाणी दोघांच्या घरात सारखंच, सावरणं मात्र कागदावर ठरलं. म्हणून मी म्हणते वारसा नोंद करून घेणं हे सुद्धा पूरनियंत्रणाचं काम आहे, ऐकायला विचित्र वाटेल पण आहे.

मातीच्या भिंतींचं तर विचारू नका. खानापूर, बेळगाव तालुक्यात अजून कितीतरी घरं मातीची, वर कौलं. सततच्या पावसात भिंतीच्या पायाशी ओल चढते, भिंत आतून मऊ होते आणि पडते ती बऱ्याचदा पाऊस उघडल्यावर, आता काही होणार नाही असं वाटत असताना. ऑक्टोबर २०२१ मध्ये बडाल अंकलगीत असंच घर कोसळून सात जीव गेले. भिंतीला नवी उभी चीर, फुगवटा, दार-खिडकी अचानक अडकायला लागणं, पायाशी मातीचा भुगा, यातलं काहीही दिसलं तर त्या खोलीत झोपायचं नाही, मग कुणी घाबरट म्हणो. चौथरा दोन फूट उंच, पायापासून दोन फुटांपर्यंत दगड-सिमेंटचं बांधकाम आणि वळचण पुढं काढलेली, एवढं केलं तरी मातीचं घर खूप टिकतं. माती वाईट नाही, भिजलेली माती वाईट.

विजेचं पण दोन ओळीत सांगते, कारण वळवाच्या पावसात शेतात दरवर्षी माणसं जातात. दामिनी नावाचं ॲप पुण्याच्या हवामान संस्थेनं काढलंय, फुकट आहे, जवळपास वीज पडायचा संभव असेल तर सांगतं. घरात एकाच्या फोनवर तरी असू द्या आणि ढग गडगडला की झाडाखाली जाऊ नका, बस्स.

मग हे सगळं करायचं कुणी आणि पैसे कुठून? मार्च २०१५ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहरात जगातल्या देशांनी मिळून एक आराखडा मान्य केला, २०३० पर्यंतचा. त्यातलं सार आपल्या भाषेत सांगायचं तर, धोका आधी ओळखा, जबाबदारी कुणाची ते ठरवा, आधीच खर्च करा आणि परत बांधताना पहिल्यापेक्षा बरं बांधा. भारतात आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, त्यानुसार प्रत्येक जिल्ह्याची योजना पाहिजे आणि जिल्हाधिकारी जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचे प्रमुख असतात. २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी वेगळं शहरी प्राधिकरण नेमायची सोय आली, ही चांगली गोष्ट आहे. आणि पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीतल्या शंभरातले ८० रुपये नंतरच्या मदतीला आणि २० रुपये आधीच्या कामाला, म्हणजे धोका कमी करायला, असे वेगळे काढले. ते वीस रुपये मागायला आपण जातो का? आपण मोर्चा काढतो नुकसानभरपाईसाठी, आणि तो काढलाच पाहिजे, पण एप्रिलमधल्या वॉर्ड सभेत, ग्रामसभेत नाल्याचा गाळ कधी काढणार, कुठल्या दिवशी सुरू करणार, हे विचारायला पाच माणसं पण नसतात.

घराच्या पातळीवर जे करता येतं ते फार महाग नाही. मोरीच्या पाइपला बाहेरच्या चेंबरआधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, प्लंबर एनआरव्ही म्हणतात, पाणी बाहेर जाऊ देतो, उलटं आत येऊ देत नाही. दिरानं पुरानंतर पहिलं काम ते केलं. दुसरं, मोटरी उंच स्टँडवर घेतल्या आणि स्विचबोर्ड छातीच्या वर. तिसरं, आमच्या गल्लीतल्या बायकांनी मिळून एक वही केली, त्यात कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणी गरोदर आहे, कुठल्या घरात म्हातारी एकटी, कुणाचं सूत तळमजल्यावर, आणि प्रत्येकासमोर कुणी धावायचं त्याचं नाव. वही दरवर्षी मृग नक्षत्राच्या आधी नवी करायची कारण भाडेकरू बदलतात, बाळं होतात, माणसं जातात. साईट घ्यायची असेल तर माझं एकच सांगणं, मे महिन्यात बघू नका, जुलैत मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा आणि शेजारच्या घराच्या कंपाउंडवर चिखलाची रेघ कुठं आहे ते बघा. एजंट काय सांगतो त्यापेक्षा ती रेघ खरं सांगते.

आत्याच्या नव्या भिंतीवर मी पेंटनं एक निळी रेघ मारून ठेवलीय, २०१९ चं पाणी जिथं लागलं होतं तिथं, खाली साल लिहून. तिचे कागद आता एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत असतात, उतारा, रेशनकार्ड, पासबुक, वारसा नोंदीची पोच, आणि पिशवी खिळ्याला टांगलेली. गेल्या महिन्यात गेले तेव्हा बघितलं तर खिळा त्या रेघेच्या चार बोटं खाली होता, हात पुरावा म्हणून तिनं तसा मारून घेतलेला. शेजाऱ्याकडून हातोडा आणला, स्टूलवर चढून तो काढला आणि रेघेच्या दोन फूट वर ठोकला, आणि पिशवीला लांब दोरी बांधून दिली, खालून ओढली की हातात येईल अशी.